पाठीवरचा भार, पावलांवरचा भार

महाराष्ट्रातील अनेक देवघरांत खंडोबाचा टाक असतो. त्या लहानशा पत्र्यावर घोडा असतो, घोड्यावर देव असतो आणि बहुतेकदा घोड्याच्या पायांजवळ एक कुत्राही कोरलेला असतो. घोडा, स्वार आणि कुत्रा हे त्रिकूट मराठी नजरेच्या इतके सवयीचे झाले आहे, की त्यातील तिसऱ्याकडे कोणी फारसे थांबून पाहत नाही. स्वार वर बसलेला असतो. घोड्यावर त्याचे ओझे असते, पण घोड्याला चार भक्कम खूरही असतात. कुत्रा मात्र आपल्या मऊ पंज्यांवर त्या दोघांची गती गाठत असतो. टाकातला कुत्रा कधी थकत नाही. शिवारातला थकतो, आणि थकला तरी सांगत नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी परंपरागत कथा आहे. धन्याला वाचवणाऱ्या कुत्र्यांच्या अशा कथा सर्वत्र आवडीने सांगितल्या जातात. सोबत निघालेल्या कुत्र्याला धन्याने कसे सांभाळावे, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

जैन घरांना हे दोन्ही प्राणी परके नाहीत. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन घोडा आहे आणि वरघोड्याच्या मिरवणुकीत लहान मुलांनी घोडा जवळून पाहिलेला असतो. कुत्र्याची आठवण जीवंधरकुमाराच्या कथेत आहे. मार खाऊन मरणाच्या दारी पडलेल्या एका कुत्र्याच्या कानात जीवंधराने पंचनमस्कार मंत्र सांगितला आणि तो जीव पुढे सुदर्शन यक्ष झाला, असे ती कथा सांगते. राजकुळात जन्मलेला तो कुमार एका कुत्र्याशेजारी वाकून बसला, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे. घोड्यावरून फिरायला निघणाऱ्यानेही अधूनमधून खाली वाकून पाहावे, एवढाच धडा त्यातून घेतला तरी पुष्कळ झाले.

सोनाळ्याची वाट

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा वसले आहे. संत सोनाजी महाराजांच्या मंदिरामुळे हे गाव पंचक्रोशीत ओळखले जाते. गावाच्या दक्षिणेला कापूस, तूर आणि सोयाबीनची शिवारे पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे उतरत जातात. उत्तरेला डोंगर सुरू होतात आणि त्या डोंगरांतच अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. म्हणजे गावातून घोडा बाहेर काढला की एका हाताला वाहता डांबरी रस्ता आणि दुसऱ्या हाताला बिबट्या-अस्वलांचे रान, अशी ही जागा आहे. घोड्याबरोबर कुत्रा न्यायचा, तर कोणकोणत्या गोष्टींचे भान ठेवावे लागते, ते येथे एकाच फेरीत ध्यानात येते.

खरिपाचे पीक निघून शिवारे मोकळी झाली, की वऱ्हाडात मेंढपाळांची बिऱ्हाडे दिसू लागतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंडीखताने जमिनीचा कस वाढतो आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. या बिऱ्हाडांत घोडी असतात आणि कुत्रीही असतात. मुक्काम हलवायच्या दिवशी पुरुष मेंढ्या घेऊन रानारानाने निघतात. स्त्रिया अंथरूण-पांघरूण, भांडी आणि पालाचे बांबू घोड्यांवर लादून वाटेला लागतात. सामानाच्या वर कोंबड्या असतात, नुकतीच जन्मलेली कोकरे असतात, कधी कुत्र्याची पिल्ले असतात आणि पुष्कळदा घरातले सर्वांत लहान मूलही असते. ज्याला चालवत नाही त्याला पाठीवर घ्यायचे आणि जो चालतो त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालायचे, अशी ही रीत आहे. घोड्याबरोबर कुत्रा सुरक्षित कसा न्यावा, याचे सर्वांत जुने आणि जिवंत शिक्षण महाराष्ट्रात याच लोकांकडे आहे.

रेल्वे आणि मोटारी येण्यापूर्वी गावोगावचा व्यापारही बैलांच्या आणि तट्टांच्याच बळावर चालत असे. आज व्यापारी कुटुंबांतील मुले पुण्या-मुंबईच्या शाळांतून हौसेने घोडेस्वारी शिकतात, सुटीत गावी येतात आणि शेतावर घोडा असेल तर सकाळी फेरीला निघतात. दारातला कुत्रा आपसूक मागे लागतो. त्याला कोणी बोलावलेले नसते आणि कोणी थांबवलेलेही नसते. पुढे जे घडते त्याची जबाबदारी मात्र बोलावणे न करणाऱ्यावरच येते.

पाच अतिचार आणि एक फेरी

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जाचक रीतीने बांधणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही एवढा भार लादणे आणि खाणेपिणे अडवणे, असा त्यांचा साधा अर्थ आहे. विशेष हे, की भारताच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील कलम ११ वाचले तर हेच पाच दोष तेथे कायद्याच्या भाषेत भेटतात. मारहाण करणे, अतोनात दौडवणे व ओझे लादणे, आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, अवयव तोडणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे सारे त्या कलमाखाली अपराध आहेत. व्रतातील शिस्त आणि कायद्यातील शिक्षा या ठिकाणी एकमेकांना येऊन मिळतात.

घोडा आणि कुत्रा यांना बरोबर घेऊन निघणाऱ्याने हे पाच शब्द क्रमाने मनात आणले, तर सुरक्षिततेचा बहुतेक सारा विचार त्यांत बसतो.

बंध : दोरी कुठे असावी

सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक म्हणजे कुत्र्याची दोरी खोगिराला बांधणे. घोडा बुजला, बाजूला उडाला किंवा उधळला, तर कुत्रा फरफटत जातो. दोरी घोड्याच्या पायांत अडकली, तर तिघेही पडतात. दोरी मनगटाला गुंडाळणे तितकेच वाईट, कारण हात निखळू शकतो किंवा स्वार खाली ओढला जातो. दोरी धरायचीच असेल तर तिच्या घड्या तळहातात धराव्यात, कोठेही वेढा नसावा आणि मूठ उघडताच ती सुटावी. फार लांब दोरी वापरू नये.

खरे पाहता स्वारीवर दोरीचे काम आज्ञापालनाने व्हायला हवे. ‘ये’, ‘थांब’, ‘बस’, ‘सोड’ आणि ‘मागे’ हे पाच शब्द कुत्र्याला आधी पायी चालताना पक्के यावे लागतात. त्यानंतर हेच शब्द खोगिरावरून उच्चारून बंदिस्त आवारात सराव करावा. उंचावरून आलेला ओळखीचा आवाज कुत्र्याला सुरुवातीला गोंधळात टाकतो. एका हाकेला येत नाही तो कुत्रा मोकळ्या रानात नेण्यास अजून तयार नाही, असे समजावे. वाहतुकीच्या रस्त्यावर आले की स्वाराने खाली उतरावे, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात कुत्र्याची दोरी धरून पायी चालावे. सोबत दुसरा माणूस असेल, तर एकाने घोडा आणि दुसऱ्याने कुत्रा सांभाळणे अधिक बरे.

गळ्यातील पट्टा रुंद व मऊ असावा आणि त्यात दोन बोटे सहज जावीत. पट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक कोरलेली चकती असावी. लहानशी घंटा बांधली, तर उंच पिकात शिरलेला कुत्रा कोठे आहे ते कळते, आणि घोड्यालाही मागून येणारा आवाज ओळखीचा होतो.

वध : ओळख काठीशिवाय

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, तर कुत्रा पाठलाग करणाऱ्या कुळातला. दोघांची मैत्री होते, पण ती घडवावी लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र नेमके पाठीमागे आणि तोंडासमोर अगदी जवळ त्याला दिसत नाही. कुत्रा मागच्या आंधळ्या जागेतून अचानक आला, तर घोडा लाथ मारतो. त्या लाथेत राग नसतो, भीती असते. तरी तिने कुत्र्याचा जबडा मोडू शकतो किंवा प्राणही जाऊ शकतो.

म्हणून पहिली भेट जमिनीवर व्हावी. घोडा जाणत्या माणसाच्या हाती असावा, कुत्रा दोरीवर असावा आणि दोघांत बरेच अंतर असावे. घोडा कान सैल सोडून उभा आहे आणि कुत्रा त्याच्याकडे टक लावून न पाहता जमीन हुंगतो आहे, असे दिसले की अंतर थोडे कमी करावे. हे काम एका दिवसाचे नाही. काही आठवडे रोज थोडा वेळ द्यावा. कुत्र्याने घोड्याच्या टाचांवर भुंकू नये, त्याच्या पोटाखालून जाऊ नये आणि नेहमी घोड्याला दिसेल असे बाजूने, किंवा दोन घोड्यांच्या लांबीइतके अंतर ठेवून मागून चालावे, ही सवय येथेच लावावी लागते.

ही सवय काठीने किंवा चाबकाने लागत नाही. घोड्याजवळ मार खाल्लेला कुत्रा घोड्यालाच वेदनेचे कारण समजतो आणि पुढे त्याच्यावर धावतो. कुत्र्यावर उगारलेला चाबूक घोड्यालाही दिसतो. शांत राहिल्यावर मिळणारा पोळीचा तुकडा आणि पाठीवरची थाप यांनी जे साधते ते दहशतीने साधत नाही. ज्या कुत्र्याची पाठलागाची ओढ कशानेही आवरत नाही, त्याला घरी ठेवणे हीच त्याच्यावरची दया.

छेद : काटा, काच आणि तार

पाळलेल्या कुत्र्याचे कान वा शेपूट रुबाबासाठी छाटणे हा उघड छेद आहे आणि तो कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पण स्वारीत नकळत घडणारे छेदही असतात. घोड्याच्या पायाला नाल असते. कुत्र्याचा पंजा उघडा असतो. वऱ्हाडातील बांधांवर बाभळीचे काटे, सराटे, फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि कापून नेलेल्या तुरीचे टोकदार धसकट असते. पावसाळा संपल्यावर कुसळी गवताची कुसळे केसांत शिरतात आणि कान, डोळे व बोटांच्या बेचक्यांत रुततात. आत गेलेले कुसळ पुढे पुढेच सरकते आणि गळू करते.

परत आल्यावर घोड्याचे खूर साफ करण्याची पद्धत असतेच. त्याच वेळी कुत्र्याचे चारही पंजे, बोटांमधली जागा, कान आणि काखा बोटांनी चाचपून पाहाव्यात. गोचीड दिसली तर ती चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढून काढावी, कारण गोचिडींमुळे कुत्र्याला रक्ताचे गंभीर आजार होतात. चालता चालता कुत्रा लंगडला तर फेरी तेथेच थांबवावी.

तारेचे कुंपण हा आणखी मोठा धोका आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात वीज सोडलेली असते. घोडा उंचावरून तार टाळतो, कुत्रा तिच्याखालून घुसतो. कठडा नसलेल्या विहिरींचेही तसेच. म्हणून नव्या वाटेवर कुत्रा नेण्यापूर्वी ती वाट एकदा कुत्र्याविना पाहून यावी आणि ज्याचे शेत आहे त्याला विचारावे. विचारणे हा शेजारधर्मही आहे.

अतिभार : अंतर हेही ओझेच

घोड्याच्या पाठीवरील भाराबद्दल बरेच लिहिले गेले आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा अधिक भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. भारवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा घातली आहे. दिवसात ९ तासांहून अधिक आणि सलग ५ तासांहून अधिक काम घेऊ नये, तसेच जेथे तापमान ३७ अंशांपेक्षा जास्त जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेऊ नये, असेही ते नियम सांगतात. स्वाराबरोबर धावणाऱ्या कुत्र्याचा त्यांत उल्लेख नाही. त्याचा हिशेब धन्यानेच ठेवायचा आहे.

कुत्र्याच्या पाठीवर काहीच नसते, म्हणून त्याच्यावर भार नाही असे वाटते. पण अंतर हाही भार आहे. तो पाठीऐवजी पावलांवर, सांध्यांवर आणि छातीवर पडतो. घोडा संथ चालीने तासाला साधारण ६ किलोमीटर जातो. निरोगी कुत्र्याला तेवढे जमते. घोडा दुडक्या चालीवर आला की कुत्र्याला सतत धावावे लागते आणि चौखूर सुटला की कुत्रा जीव तोडून धावतो. तो थांबत नाही, कारण धनी पुढे चाललेला असतो. निष्ठेचा हा गुणच त्याचा घात करू शकतो.

म्हणून सुरुवात २ ते ३ किलोमीटरने, संथ चालीत करावी आणि अंतर आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. दुडकी चाल थोडाच वेळ, आणि तीही मऊ मातीवर. वर्षाच्या आतील पिल्लाची हाडे वाढत असतात. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत ही वाढ दीड वर्षापर्यंत चालते. तोवर त्यांना लांब दौडवू नये. म्हातारी, लठ्ठ किंवा गाभण कुत्री नेऊ नयेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वास घेणेच अवघड जाते, तेव्हा त्यांना स्वारीच्या मागे नेणे म्हणजे संकट ओढवून घेणे. अशा दौडीला पायांत लांब आणि अंगाने सडपातळ गावठी कुत्रा अनेकदा महागड्या जातीपेक्षा अधिक योग्य ठरतो.

उन्हाचा प्रश्न वऱ्हाडात सर्वांत गंभीर आहे. घोडा सर्वांगातून घाम गाळून शरीर थंड करतो. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांच्या तळव्यांना, तोही थोडा. त्याचा मुख्य आधार म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला, की बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की धापांचाही फारसा उपयोग होत नाही. घोडा अजून ताजातवाना दिसतो आणि त्याच वेळी त्याच्या सावलीतून चाललेला कुत्रा उष्माघाताच्या उंबरठ्यावर असू शकतो. म्हणून उन्हाळ्यात फेरी सूर्योदयाच्या सुमारास काढावी आणि ऊन चढण्यापूर्वी संपवावी. डांबरावर हाताची पालथी बाजू ७ सेकंद ठेवता येत नसेल, तर तो रस्ता पंज्यांसाठी नाही.

धापा न थांबणे, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, डगमगणारी चाल आणि उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला साधे थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यावे. अंगाभोवती ओला कपडा गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. हे उपचार करीत असतानाच वाहन बोलावून पशुवैद्यक गाठावा. शुद्धीवर आला म्हणून घरी नेऊ नये, कारण आतील इंद्रियांवर झालेला परिणाम नंतर दिसतो.

अन्नपाननिरोध : पाणी कोणाचे, किती

घोड्यासाठी पाण्याची आठवण ठेवली जाते, कारण तो भरपूर पितो. कुत्र्याचे पाणी विसरले जाते. खोगिराच्या पिशवीत कुत्र्यासाठी वेगळी बाटली आणि पसरट भांडे असावे आणि प्रत्येक थांब्यावर, तहानेची वाट न पाहता, थोडे पाणी ठेवावे. वाटेत कोणत्याही विहिरीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण संग्रामपूर तालुक्याच्या दक्षिण भागात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे आणि तेथील भूजल खारे आहे. साचलेल्या डबक्यातील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग लागतात. गाळलेल्या पाण्याची जी सवय घरातील माणसांना आहे, तिचा लाभ सोबत्यालाही द्यावा.

पोटभर खाऊ घालून लगेच दौडवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी धावल्याने जठराला पीळ पडू शकतो आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. फेरीपूर्वी आणि फेरीनंतर निदान दोन तासांचे अंतर असावे. घोड्यालाही खुराक देऊन लगेच बाहेर काढू नये.

काय देऊ नये, हे जाणणेही अन्नदानाचाच भाग आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात. जैन स्वयंपाकघरात ते नसल्याने एक धोका परस्पर टळतो. पण मनुका आणि द्राक्षे, जी सुक्या मेव्याच्या डब्यात हटकून असतात, ती कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. चॉकलेटही विषासमान आहे. मुले प्रेमाने पुढे करतात तोच घास घात करतो, तेव्हा हे मुलांना आवर्जून सांगावे. घोड्याला जंताचे औषध दिल्यानंतर कुत्र्याला त्याच्या लिदीजवळ जाऊ देऊ नये. घोड्याच्या वजनाला मोजलेली मात्रा कुत्र्यासाठी फार मोठी ठरते.

रानाचेही देणे

पाच अतिचार सोबत्यांविषयी झाले. वाटेतील इतर जीवांचे काय? मोकळा कुत्रा सशामागे धावतो, तितराची अंडी हुंगतो, हरणाच्या पाडसाला पळवून पळवून दमवतो. धनी घोड्यावर बसलेला असतो आणि हिंसा त्याच्या नावाने घडते. म्हणून डोंगराच्या कडेने जाताना कुत्रा दोरीवर असावा आणि अभयारण्याच्या हद्दीत तर त्याला नेऊच नये.

हे केवळ नियमापोटी नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह मृत्युमुखी पडले. त्यांच्यापैकी काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांत आढळणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. लस न टोचलेला एक कुत्रा रानाच्या कडेला किती मोठे अनर्थ घडवू शकतो, याची ही उदाहरणे आहेत. अभयारण्यापासून ५ किलोमीटरच्या आतील पशुधनाच्या लसीकरणाची तरतूद वन्यजीव संरक्षण अधिनियमात आहे. कुत्र्याला रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या, तर घोड्याला रेबीज आणि धनुर्वाताच्या लसी वेळेवर देणे हे प्रत्येक पालकाचे किमान कर्तव्य आहे.

कुत्र्यालाही रानाचे भय आहे. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. बिबट्यांच्या भक्ष्यात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा आढळला. बिबट्या संधिप्रकाशात आणि रात्री अधिक फिरतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची जैन घरांची शिस्त येथे दुहेरी उपयोगाची आहे. त्या वेळेला घरी पोहोचायचे ठरवले, की कुत्रा आणि घोडा दोघेही उजेडातच दावणीला येतात. अस्वल दिसले तर कुत्र्याला भुंकू देऊ नये. चवताळलेले अस्वल अंगावर आले, की कुत्रा पळून धन्याकडेच येतो आणि संकट आपल्या मागोमाग आणतो.

गावाच्या वेशीवर भटकी कुत्री अंगावर आली, तर घोडा पळवू नये. पळणाऱ्यामागे सारा जमाव लागतो. घोडा थांबवून त्याचे तोंड त्यांच्याकडे वळवावे, आपल्या कुत्र्याला जवळ बोलवावे आणि ती शांत झाल्यावर संथ पावलांनी पुढे जावे. स्वाराने शिरस्त्राण आणि टाचेचे बूट नेहमी घालावेत. स्वार पडला तर त्या दोन मुक्या जिवांना सांभाळणारे वाटेवर दुसरे कोणी नसते.

सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने

चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवतात, कारण त्या दिवसांत वाटेवर जीवजंतूंची दाटी असते. गृहस्थानेही त्या महिन्यांत घोड्याच्या लांब फेऱ्या बंद ठेवाव्यात. काळ्या मातीच्या चिखलात घोडा घसरतो, घोणस आणि नाग बांधावर येतात आणि ओल्या पंज्यांना जखमा लवकर होतात. पाऊस ओसरला, रान वाळले आणि मेंढपाळांची बिऱ्हाडे पुन्हा वऱ्हाडात उतरली, की वाटाही मोकळ्या होतात.

सोनाळ्याच्या शिवारात असे एखादे बिऱ्हाड मुक्कामाला पोहोचते, तेव्हा आधी घोड्यांवरचे ओझे उतरते, कोकरे खाली येतात, जनावरांना पाणी दाखवले जाते, आणि मग चूल पेटते. घोड्याच्या सावलीत कुत्रा अंग टाकतो. दिवसभर त्याला कोणी मागे सोडलेले नसते आणि त्याच्या पावलांना झेपणार नाही इतके पुढेही कोणी गेलेले नसते. स्वारी हौसेची असो वा पोटाची, तिचे अंतर आणि तिचा वेग ठरवताना आधी त्या चार पंज्यांकडे पाहावे.